ड्रायव्हर न टाकता नेटवर्क प्रिंटर: लिनक्स, बीएसडी आणि मॅक वापरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

इथली उत्तरं कप्स ही छपाईची व्यवस्था वापरणाऱ्या सगळ्या सिस्टिमना लागू पडतात, म्हणजे डेबियन, उबुंटू, फेडोरा, फ्रीबीएसडी आणि मॅक. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

ड्रायव्हर नाही, तर प्रिंटर चालतो कसा?

पूर्वी जवळपास प्रत्येक मॉडेलची भाषा वेगळी असायची आणि ती कॉम्प्युटरला शिकवण्याचं काम ड्रायव्हर करायचा. कंपनी तो विंडोजसाठी हमखास द्यायची, लिनक्ससाठी मर्जी असेल तर. आता माहिती प्रिंटरच्याच पोटात असते. कॉम्प्युटर त्याला विचारतो: कुठले कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापतोस का, रंगीत जमतं का, पीडीएफ कळते का? प्रिंटर उत्तर देतो आणि त्यावरून कप्स त्याचा क्यू, म्हणजे छपाईच्या कामांची रांग, तयार करतं.

यामागे तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे शोध: प्रिंटर घरच्या नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो, तिला एमडीएनएस म्हणतात. दुसरी म्हणजे बोलण्याची रीत, आयपीपी. तिची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि ती ६३१ या पोर्टवर चालते. तिसरी म्हणजे पानाचं स्वरूप. पीडीएफ, जेपेग, पीडब्ल्यूजी रास्टर आणि ॲपलचं यूआरएफ ही चार स्वरूपं मुख्य, आणि जेपेग सोडून यातलं एक जरी प्रिंटरला कळलं तरी काम भागतं.

ॲपलने नोव्हेंबर २०१० मध्ये आयफोन-आयपॅडसाठी एअरप्रिंट आणलं. फोनवर ड्रायव्हर टाकायची सोयच नव्हती, त्यामुळे प्रिंटर कंपन्यांनी ही क्षमता प्रिंटरमध्ये घातली. एअरप्रिंट आतून आयपीपीच असल्यामुळे फोनसाठी झालेली ही सोय लिनक्सच्या पथ्यावर पडली. २०१३ मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुपने आयपीपी एव्हरीव्हेअर हे सर्वांसाठी खुलं मानक प्रसिद्ध केलं. त्यामुळे आज नवीन प्रिंटर आणला की ड्रायव्हर शोधत बसायचं नाही, प्रिंटरला विचारायचं. या पानावरच्या बहुतेक अडचणी याच वाटेने सुटतात.

माझा प्रिंटर यात बसतो का, हे कसं ओळखायचं?

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एक नाव असेल तर बसतो. नुसतं ‘वायफाय प्रिंटर’ लिहिलेलं पुरेसं नाही. काही वायफाय प्रिंटर फक्त कंपनीच्या ॲपशी बोलतात. घेण्याआधी त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत हे शब्द शोधा, कारण एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांत फरक असू शकतो.

आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांच्या कार्यालयांत आणि वकिलांच्या टेबलांवर अजून दिसणारे एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० यात बसत नाहीत. दोन्ही फक्त यूएसबीचे आणि दोघांची भाषा स्वतःची. १०२० तर बंद करून चालू केला की त्याचं फर्मवेअर (आत चालणारा प्रोग्राम) प्रत्येक वेळी कॉम्प्युटरलाच पाठवावं लागतं. मशीन म्हणून हे प्रिंटर दणकट आहेत आणि चालू आहेत तोवर टाकून द्यायचं कारण नाही, पण त्यांना ड्रायव्हर लागणारच. असा प्रिंटर सगळ्यांना कसा वापरू द्यायचा ते पुढे दिलं आहे.

कुठली पॅकेजं लागतात?

डेस्कटॉप लिनक्सवर बहुतेक सगळी आधीच असतात. नसतील तर डेबियन-उबुंटूवर कप्स, कप्स-फिल्टर्स, कप्स-आयपीपी-युटिल्स, अवाही-डीमन (प्रिंटरची हाक ऐकणारी सेवा) आणि लिबएनएसएस-एमडीएनएस ही पाच टाका. अवाही-युटिल्सही घ्या, शोधाशोधीला कामी येतं. फेडोरावर कप्स, कप्स-फिल्टर्स, कप्स-आयपीपीटूल, अवाही आणि एनएसएस-एमडीएनएस. मग कप्स आणि अवाही या दोन सेवा चालू आहेत ना ते बघा. मॅकवर काहीच टाकावं लागत नाही.

प्रिंटर आपोआप यादीत आला. आता काही करायचं उरलं का?

बहुतेकांसाठी नाही. प्रिंट द्या आणि कामाला लागा.

फक्त एक गोष्ट माहीत असू द्या. असा दिसणारा क्यू तात्पुरता असतो. प्रिंट देताना कप्स तो तयार करतं आणि काम झाल्यावर थोड्या वेळाने पुसून टाकतं. म्हणून ‘एलपीस्टॅट -व्ही’ दिलं की प्रिंटर दिसत नाही आणि माणूस गोंधळतो. त्याऐवजी ‘एलपीस्टॅट -ई’ द्या, यातला ई लहान. ही कमांड कायमचे क्यू आणि नेटवर्कवर सापडलेले प्रिंटर दोन्ही दाखवते. काही जुन्या प्रोग्रामना तात्पुरते क्यू दिसतच नाहीत. ऑफिसमधलं एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रिंटर दाखवत नसेल तर आधी हेच कारण तपासा आणि कायमचा क्यू बनवा.

एकच प्रिंटर दोनदा का दिसतो?

एक नोंद कप्सने स्वतः शोधलेली असते, दुसरी कप्स-ब्राउज्ड या वेगळ्या सेवेने बनवलेली. घरी किंवा छोट्या ऑफिसात कप्स-ब्राउज्डची गरज सहसा पडत नाही. ती सेवा बंद केली की जोडनोंद जाते.

कायमचा क्यू कसा बनवायचा?

आधी पत्ता काढा. प्रिंटर चालू ठेवा आणि ‘आयपीपीफाइंड’ किंवा ‘ड्रायव्हरलेस’ यांपैकी एक कमांड द्या. उत्तरात आयपीपी किंवा आयपीपीएसने सुरू होणारा लांबलचक पत्ता येईल. आयपीपीफाइंडने दिलेल्या पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘/आयपीपी/प्रिंट’ असतं. तो जसाच्या तसा कॉपी करा.

मग ‘एलपीॲडमिन’ कमांड. तिला चार गोष्टी द्यायच्या: -पी नंतर क्यूचं नाव (मोकळी जागा न सोडता), -व्ही नंतर तो पत्ता, -एम नंतर ‘एव्हरीव्हेअर’ हा शब्द, आणि मोठ्या लिपीतला -ई. या मोठ्या ईची जागा महत्त्वाची आहे. तो क्यूच्या नावानंतर आला तर ‘क्यू चालू कर आणि कामं स्वीकार’ असा अर्थ होतो. -पीच्या आधी आला तर ‘कप्सशी बोलताना एन्क्रिप्शन वापर’ असा. जागा चुकली की कमांड बिनतक्रार पार पडते, पण क्यू बंद अवस्थेत तयार होतो, आणि ‘सगळं बरोबर केलं तरी छापत नाही’ म्हणत लोक तासभर शोधत राहतात.

कमांड देताना प्रिंटर चालू असायलाच हवा, कारण त्याच क्षणी कप्स त्याच्याकडून माहिती घेतं. प्रिंटर झोपलेला असेल तर त्याचं एखादं बटण दाबून जागा करा. क्यू झाला की ‘एलपी -डी’, पुढे क्यूचं नाव आणि एखादी पीडीएफ देऊन पान काढून बघा.

कमांड नको असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन (:) आणि ६३१ असा पत्ता टाकून कप्सचं पान उघडा. तिथे प्रिंटर जोडताना मॉडेलच्या यादीत एव्हरीव्हेअर हा पर्याय निवडायचा. डेबियन-उबुंटूवर यासाठी तुमचं नाव ‘एलपीॲडमिन’ या गटात असावं लागतं.

पत्त्यात आयपी क्रमांक द्यावा की ‘.लोकल’ नाव?

नाव द्या. राउटर उद्या प्रिंटरला दुसरा क्रमांक देईल, पण नाव तेच राहील. ऑफिसमध्ये क्रमांकच हवा असा आग्रह असेल तर राउटरच्या डीएचसीपी यादीत प्रिंटरसाठी तो राखून ठेवा. प्रिंटरच्या पॅनेलवर हाताने क्रमांक घालू नका. राउटर बदलला की तो क्रमांक कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रिंटर मोबाईलला दिसतो, पण लॅपटॉपला दिसत नाही. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मोबाईलला दिसतोय म्हणजे प्रिंटर बरा आहे. अडचण वाटेत आहे किंवा लॅपटॉपमध्ये.

आधी वाट बघा. लॅपटॉप आणि प्रिंटर खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का? बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय पकडतात आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असतो. एकाच राउटरच्या या दोन पट्ट्या असतील तर फरक पडू नये, पण काही राउटर त्यांच्यामध्ये मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना दिलेली हाक, नीट पोचवत नाहीत. लॅपटॉप तात्पुरता २.४ वर नेऊन बघा. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय असेल तर तिथे एकमेकांना न दिसणं हीच व्यवस्था असते. राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची खूण असते, ती काढा. आणि लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा. ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा कारण तिथेच सापडतं.

मग लॅपटॉप. ‘अवाही-ब्राउझ -आरटी’ आणि पुढे ‘_आयपीपी._टीसीपी’ अशी कमांड द्या. जे दिसतं त्यावरून पुढची दिशा ठरते.

काहीच आलं नाही, तर हाक कानावर पडत नाहीये. एमडीएनएसची हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी ५३५३ पोर्टवर येते. फायरवॉलमध्ये ते उघडं हवं. फेडोरासारख्या फायरवॉलडी असलेल्या सिस्टिमवर ‘एमडीएनएस’ ही सेवा चालू करायची, यूएफडब्ल्यू असेल तर ५३५३/यूडीपीला परवानगी द्यायची.

नाव आलं, पत्ताही आला, तरी छपाई होत नसेल, तर ‘.लोकल’ नाव सिस्टिमला उलगडत नाही. प्रिंटरचं ते नाव पिंग करून खात्री करा. पिंग फसलं तर ईटीसी फोल्डरमधली एनएसस्विच.कॉन्फ ही फाइल उघडा. ‘होस्ट्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘एमडीएनएस४_मिनिमल’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी असायला हवा. तो नंतर आला किंवा नसलाच तर प्रिंटरचा शोध लागतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही.

आणि प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या सबनेटवर (राउटरपलीकडच्या नेटवर्कवर) असेल तर वाट पाहू नका. एमडीएनएसची हाक राउटर ओलांडत नाही. अशा वेळी आयपी क्रमांकाने कायमचा क्यू बनवा, किंवा दोन्ही नेटवर्कना जोडणाऱ्या मशीनवर हाक पलीकडे पोचवणारा अवाहीचा रिफ्लेक्टर चालू करा.

प्रिंटरला काय येतं, हे त्यालाच कसं विचारायचं?

यासाठी ‘आयपीपीटूल’ आहे. कमांड अशी: आयपीपीटूल -टीव्ही, मग प्रिंटरचा पत्ता, मग ‘गेट-प्रिंटर-ॲट्रिब्यूट्स.टेस्ट’. उत्तर भलंमोठं येतं, पण त्यातल्या मोजक्या ओळी वाचल्या तरी बहुतेक शंका मिटतात.

‘डॉक्युमेंट-फॉरमॅट-सपोर्टेड’ या ओळीत प्रिंटरला कळणारी स्वरूपं असतात. तिथे पीडीएफ, पीडब्ल्यूजी-रास्टर किंवा यूआरएफ दिसलं की निश्चिंत व्हा. ‘मीडिया-रेडी’मध्ये ट्रेमध्ये या क्षणी कुठला कागद आहे असं प्रिंटर समजतो ते दिसतं. ‘साइड्स-सपोर्टेड’मध्ये फक्त ‘वन-साइडेड’ असेल, तर दोन्ही बाजूंनी छापण्याचा पर्याय सेटिंगमध्ये कितीही शोधला तरी मिळणार नाही, कारण प्रिंटरमध्ये तो नाहीच. ‘यूआरएफ-सपोर्टेड’च्या ओळीत छोटी संक्षिप्त अक्षरं असतात: आरएसनंतरचा आकडा रिझोल्यूशन सांगतो, एसआरजीबी२४ म्हणजे रंगीत, डब्ल्यू८ म्हणजे करड्या छटा, डीएम म्हणजे दोन्ही बाजू.

आणि ‘प्रिंटर-स्टेट-रीझन्स’. छपाई अडली की सगळ्यात आधी ही ओळ वाचा. ‘मीडिया-एम्प्टी’ म्हणजे कागद संपला, ‘मीडिया-जॅम’ म्हणजे अडकला, ‘डोअर-ओपन’ म्हणजे झाकण उघडं आहे. ज्या कारणासाठी लोक कप्स काढून परत टाकतात ते कित्येकदा या एका शब्दात असतं.

कंपनीच्या वेबसाइटवर लिनक्स ड्रायव्हर आहे. टाकू का?

आधी टाकू नका. ड्रायव्हरशिवाय प्रिंटर चालत असेल तर त्या ड्रायव्हरने बहुतेक वेळा नवीन काही मिळत नाही, उलट पुढच्या सिस्टिम अपडेटला तो मोडण्याची धास्ती राहते. अपवाद आहेत: फोटोपेपरची बारीक रंगजुळणी, स्टेपल किंवा पंचिंगसारखी मोठ्या मशीनची कामं, किंवा हेड साफ करणं. यातलं हेड साफ करणं प्रिंटरच्या पॅनेलवरून किंवा त्याच्या स्वतःच्या वेबपानावरून होऊ शकतं. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी क्रमांक टाकून ते पान एकदा जरूर बघा.

आयपीपीऐवजी जुन्या पद्धतीने ९१०० पोर्टवरून जोडलं तर?

त्या वाटेने डेटा फक्त ढकलला जातो आणि प्रिंटरला काय येतं हे विचारायची सोय नसते, म्हणून ‘एव्हरीव्हेअर’ तिथे चालत नाही. आयपीपी असताना तिकडे जाऊ नका.

मराठी मजकूर नीट छापला जाईल का? जोडाक्षरं तुटतात.

लिबरऑफिस, ब्राउझर किंवा पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्राममधून प्रिंट दिली तर नीट छापला जातो. हे प्रोग्राम अक्षरं जुळवून, फॉन्ट आत बसवून तयार पीडीएफ पुढे पाठवतात. त्यानंतर प्रिंटरला मराठी येण्याचा प्रश्नच उरत नाही.

तुटतं ते साधी टेक्स्ट फाइल ‘एलपी’ कमांडने थेट पाठवली की. तिथे मजकुराची पीडीएफ करणारा भाग एकेक अक्षर ठरलेल्या रुंदीच्या चौकटीत मांडतो. इंग्रजीला ते पुरतं, पण देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्य’ फुटून हलंतासकट सुटे छापले जातात. उपाय म्हणजे आधी पीडीएफ करणं. ‘सॉफिस’ या कमांडला दोन उणे चिन्हं लावून ‘हेडलेस’, तशीच दोन लावून ‘कन्व्हर्ट-टू’, मग ‘पीडीएफ’ आणि शेवटी फाइलचं नाव द्या. तयार झालेली पीडीएफ एलपीला द्या. ग्रामपंचायतीच्या याद्या किंवा शाळेच्या हजेऱ्या स्क्रिप्टने छापणाऱ्यांनी ही पायरी स्क्रिप्टमध्येच घालून टाकावी.

पीडीएफ करूनही अक्षरं चौकोनी येत असतील तर सिस्टिमवर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित देवनागरी टाका.

पान खालून कापलं जातं किंवा प्रिंटर कागद मागत थांबतो.

कागदाचा आकार जुळत नाही. तीन ठिकाणी तो सारखा हवा: डॉक्युमेंटमध्ये, क्यूमध्ये आणि प्रिंटरच्या ट्रेच्या सेटिंगमध्ये. क्यूवर अमेरिकन लेटर (२१६ × २७९ मिमी) राहिला असेल आणि ट्रेमध्ये ए४ (२१० × २९७ मिमी) असेल तर हेच होतं. ‘एलपीऑप्शन्स -पी’, क्यूचं नाव, मग ‘-ओ मीडिया=ए४’ देऊन बदला. यात ए मोठा.

कोर्टाच्या किंवा नोंदणीच्या कामासाठी लीगल कागद (साडेआठ बाय चौदा इंच) घालता, तेव्हा ट्रेची पट्टी सरकवून भागत नाही. प्रिंटरच्या पॅनेलवरही लीगल निवडा. नाहीतर ‘मीडिया-रेडी’मध्ये प्रिंटर ए४च सांगत राहतो.

यूएसबीने जोडलेल्या नव्या प्रिंटरलाही ड्रायव्हर नको का?

नको. ‘आयपीपी-यूएसबी’ नावाची सेवा केबलवरून तोच आयपीपी संवाद करते आणि प्रिंटर जणू नेटवर्कवर आहे असा लोकलहोस्टवर दाखवते. डेबियन ११ पासून कप्ससोबत ती सुचवली जाते. एकच काळजी घ्या: या सेवेने प्रिंटर ताब्यात घेतला की जुना यूएसबी ड्रायव्हर त्याच्याशी बोलू शकत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवा.

स्कॅनरचं काय?

बहुतेक ऑल-इन-वन मशीनवर स्कॅनिंगही ड्रायव्हरशिवाय होतं. ‘सेन-एअरस्कॅन’ पॅकेज टाका आणि डेस्कटॉपचा नेहमीचा स्कॅनिंग प्रोग्राम उघडा.

फ्रीबीएसडीवर काय वेगळं करावं लागतं?

कप्स, अवाही आणि एनएसएस_एमडीएनएस टाका. आरसी.कॉन्फमध्ये डीबस, अवाही-डीमन आणि कप्सडी तिन्ही चालू करा. कप्सच्या फाइली यूएसआर/लोकल/ईटीसी/कप्स या फोल्डरमध्ये असतात. खरी ठेच लागते ती दुसरीकडे: फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्ये एलपीडी या जुन्या छपाई व्यवस्थेची ‘एलपीआर’ कमांड आधीपासून असते आणि नुसतं एलपीआर टाइप केलं की ती धावते, कप्सची नाही. पाथमध्ये यूएसआर/लोकल/बिन आधी आणा किंवा पूर्ण वाट लिहा.

शाळेत जुना यूएसबी प्रिंटर आहे. तो सगळ्या मुलांच्या मशीनवरून ड्रायव्हरशिवाय वापरता येईल का?

येईल, आणि जुन्या प्रिंटरचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे. ज्या लिनक्स मशीनला तो जोडलेला आहे, फक्त तिथे त्याचा ड्रायव्हर टाका. मग ‘कप्ससीटीएल’ला दोन उणे चिन्हं लावून ‘शेअर-प्रिंटर्स’ द्या. कप्स तो प्रिंटर आयपीपी प्रिंटर म्हणून नेटवर्कवर मांडतं आणि बाकीच्या लिनक्स मशीनना त्याच्या जुन्या भाषेचा पत्ताही लागत नाही. ते एक मशीन मात्र चालू ठेवावं लागेल. यासाठी मशीन घेण्याआधी एवढं तपासा की त्या प्रिंटरचा ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर चालतो. काही कंपन्यांचे ड्रायव्हर फक्त इंटेल जातीच्या मशीनसाठी असतात, रास्पबेरी पायवर ते चालत नाहीत.

२०२४ मध्ये कप्सच्या सुरक्षेची बातमी आली होती. वापरणं धोक्याचं आहे का?

सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्रुटींमध्ये कप्स-ब्राउज्डचा वाटा मोठा होता. ती सेवा यूडीपी ६३१ पोर्टवर कुणाचंही ऐकायची. बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता आणि त्यावर प्रिंट दिली गेली की त्याचा कोड चालायचा. दुरुस्त्या आलेल्या आहेत. सिस्टिम अपडेट ठेवा, कप्स-ब्राउज्ड लागत नसेल तर बंद करा आणि प्रिंटर किंवा कप्स इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

प्रिंटर बंद करून चालू केला, तरी क्यू थांबलेलाच आहे.

‘कप्सएनेबल’ आणि क्यूचं नाव द्या. साचलेली कामं नको असतील तर आधी ‘कॅन्सल -ए’ आणि क्यूचं नाव. वारंवार होत असेल तर त्या क्यूची ‘प्रिंटर-एरर-पॉलिसी’ एलपीॲडमिनने ‘रीट्राय-जॉब’ करा, म्हणजे क्यू थांबण्याऐवजी पुन्हा प्रयत्न करत राहतो. भारनियमनाच्या गावांत हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

हे किती दिवस टिकेल? पुन्हा सगळं बदलणार का?

कप्स मायकेल स्वीट यांनी सुरू केलं. २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं, २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडले आणि आता विकास ओपनप्रिंटिंग या गटाकडे चालतो. पुढच्या मोठ्या आवृत्तीत, कप्स ३ मध्ये, जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर आणि त्यांच्या पीपीडी (प्रिंटरची माहिती सांगणाऱ्या) फाइली पूर्ण काढायच्या असं ठरलं आहे. जुन्या प्रिंटरसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचे छोटे प्रोग्राम असतील, जे त्या प्रिंटरला आयपीपी प्रिंटरसारखं मांडतील. आज एव्हरीव्हेअरने क्यू बनवला असेल, तर तुम्ही त्याच वाटेवर आहात.

तरीही छपाई होत नाही. मदत मागताना काय पाठवू?

‘प्रिंट येत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती, ‘एलपीस्टॅट -टी’चं उत्तर, ‘ड्रायव्हरलेस’चं उत्तर आणि आयपीपीटूलचं पूर्ण उत्तर पाठवा. मग ‘कप्ससीटीएल’ला दोन उणे चिन्हं लावून ‘डीबग-लॉगिंग’ द्या, एकदाच प्रिंट द्या आणि व्हीएआर/लॉग/कप्समधली एरर_लॉग फाइल जोडा. फेडोरावर हा लॉग जर्नलसीटीएलमध्ये कप्सच्या नावाखाली मिळतो. पाठवण्याआधी त्यातली फाइलींची आणि माणसांची नावं झाका. काम झालं की ‘नो-डीबग-लॉगिंग’ देऊन ते बंद करा, नाहीतर लॉग वाढत राहतो.